बेचाळीस नंबरची फांदी

बेचाळीस नंबर 'ए' निघाला. एक्केचाळीस 'डी'. सत्त्याण्णव सालच्या मार्चमधली सकाळ, सांगलीतल्या रक्तपेढीची मागची खोली, फ्रीजची घरघर, आणि माझ्या हातात पुण्याहून आलेली चार पानं. शेजारी चहाचा कप होता, तो मी पिऊन टाकला आणि नंतर कळलं की तो माझा नव्हता. देशातल्या माणसांच्या अंगात कावीळ-बीचा विषाणू किती तऱ्हांचा आहे, याचा अभ्यास पुण्याची एक संस्था करत होती. काश्मीर, आसाम, तामिळनाडू, गुजरात, आणि आमचं सातारा-सांगली. रक्तदान करणाऱ्या ज्याच्या रक्तात हा विषाणू सापडायचा, त्याची पिशवी आम्ही जाळायला द्यायचो. पण त्याआधी त्यातलं दोन मिली सीरम मी एका कुपीत काढायचो, कुपीवर नंबर घालायचो आणि बर्फात घालून पुण्याला पाठवायचो. कुठल्या नंबराला कुठलं नाव, हे फक्त माझ्या वहीत. पुण्यातल्या मोठ्या लोकांना नावं नको असतात, त्यांना फांद्या हव्या असतात. चौथ्या पानावर त्यांनी एक झाड काढलं होतं, आडवं पडलेलं, नुसत्या काड्याकाड्यांचं. जवळच्या नात्यातले विषाणू जवळच्या काडीवर. खाली दाट जुडगा, साठ-सत्तर नंबर, सगळे 'डी', त्यात कुठंतरी एक्केचाळीस. आणि वर, लांब, वेगळ्या फांदीवर, आठ-दहा परक्या नंबरांच्या सोबतीनं बसलेला बेचाळीस. एक्केचाळीस म्हणजे मी, कपिल. बेचाळीस म्हणजे माझी बायको, प्रियदर्शनी.

ह्या दोन कुप्या मी पाठवायला नको होत्या. नियमात बसत नव्हतं. पण ज्या माणसानं सहा वर्षं दुसऱ्यांचं रक्त घुसळलं त्याला स्वतःचं बघावंसं वाटणारच. ब्याण्णव साली तपासणीच्या प्लेटमध्ये एक घर रिकामं उरलं होतं, त्यात मी माझं सीरम टाकलं होतं. घर पिवळं झालं, म्हणजे विषाणू आहे. सांगलीत माणूस पिवळ्या रंगाला भीत नाही. हळदीच्या पेठेवरून सायकलनं गेलं की भुवया पिवळ्या होतात, सदरे धुऊन धुऊन पिवळेच राहतात. पण त्या खळग्यातला पिवळा रंग पोटात शिरला तो शिरलाच. दुसऱ्या दिवशी प्रियाचं घातलं. तेही पिवळं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी तिच्यापुढं बसून रडलो होतो. मीच तिला दिला, दुसरं कोण देणार. ती तासगावजवळच्या सरकारी दवाखान्यात नर्स. ती म्हणाली होती, "तुम्ही काय मुद्दाम दिलाय व्हय? अंगात बसलाय, बसू द्या. भाडं मागत न्हाई तोवर कशाला हाकलायचा." आणि उठून तिनं माझ्या ताटात दुसरी भाकरी घातली होती. तेव्हापासून पाच वर्षं मी तिचा गुन्हेगार म्हणून नांदलो. खरं सांगायचं तर सुखानं नांदलो. एस्टीत तिला खिडकी द्यायची, तिच्या आधी उठून पाणी भरायचं, ती थकली की आपल्याच विषाणूनं थकली असं समजून तिचे पाय दाबायचे. गुन्हा माझा होता तोवर ती माझी होती. मार्चमधल्या त्या सकाळी, दुसऱ्याचा चहा पोटात असताना, तो गुन्हा कुणीतरी माझ्या हातातून काढून नेला.

आता कुणी म्हणेल, 'ए' काय नि 'डी' काय. मी काही डॉक्टर नाही. बारावीनंतरचा एक वर्षाचा कोर्स केलेला माणूस आहे. पण साहेबांनी रद्दीत टाकलेले छापील लेख मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलेत आणि जे वाचलंय ते त्यांच्यापेक्षा नीट वाचलंय. हा विषाणू म्हणजे जेमतेम तीन हजार दोनशे अक्षरं. 'ए' आणि 'डी' यांच्यात शंभरामागं आठ अक्षरांचा फरक. बिछान्यात कूस बदलावी तसा 'डी'चा 'ए' होत नाही. त्याला शेकडो वर्षं लागतात, समुद्र लागतात, माणसांच्या झुंडी इकडून तिकडं जाव्या लागतात. कागदावर लिहिलंच होतं की आपल्या देशात एक जात नांदत नाही, बऱ्याच नांदतात, एकाच गावात दोन-दोन नांदतात, आणि 'ए' असलेले लोक आमच्या भागातही आहेत. वाचलं मी ते. डोक्यानं वाचलं. पण आतला माणूस वाचत नव्हता, तो मोजत होता. सात वर्षं एका ताटात जेवलो, एका पांघरुणात झोपलो, आणि हिनं माझा विषाणूसुद्धा घेतला नाही. जो घेतला तो दुसऱ्या कुणाचा. आपल्याला आजाराचासुद्धा हेवा वाटू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. आणि तिला चौथा महिना होता. सात वर्षांनी, पहिलाच.

दुसरा कोण, हे शोधायला मला चहाचा कप धुण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. नाव तयारच होतं. वीरधवल. तिच्या दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर. माझ्याच गावचा, औंधाच्या पलीकडल्या माळावरचा. त्यांचा ऊस, त्यांची विहीर, त्यांचा चुलता सरपंच, आणि आम्ही ओढ्याच्या खालच्या अंगाला. माझ्या बापानं छपन्नच्या पुढल्या वर्षी देव गाठोड्यात बांधून ओढ्यात सोडले तरी गावाच्या तोंडातून महारवाडा हा शब्द गेला नव्हता. वीरधवल चौदा वर्षं फौजेत ट्रक चालवून आला, आसाम म्हणू नका, जम्मू म्हणू नका. आता माजी सैनिक म्हणून सरकारी जीप चालवत होता. देशभरची पाणी प्यालेला माणूस. 'ए' त्याच्यातच असणार. महिन्यातून दहा दिवस प्रिया त्या जीपमधून वाड्यावस्त्यांवर लस टोचायला जायची. मी ती वाट पाहिलेली होती. दोन्ही बाजूंनी द्राक्षांचे मांडव, फवारणीनं पानं निळसर पडलेली, बेदाण्याच्या शेडमधून गंधकाचा उग्र वास. त्या वासात ती दोघं शेजारी शेजारी बसलेली मला सांगलीत, कुपीवर नंबर घालताना दिसायची. तो गिअर टाकतोय, ती पदर सावरतेय. तो काहीतरी बोलतोय आणि ती हसतेय. मला ती कशावर हसते ते ऐकू येत नव्हतं, म्हणून मी स्वतःच विनोद तयार करायचो आणि त्याच्या तोंडात घालायचो, आणि मग तो विनोद माझ्यापेक्षा चांगला आहे म्हणून जळायचो.

"जीपमध्ये तू पुढं बसतेस का मागं?" मी एकदा जेवताना विचारलं.

"पुढं. मागं लसीची पेटी असती, दोघी दाया असत्यात."

"रोजच पुढं?"

"मग काय टपावर बसू?"

ती हसली. मी हसलो नाही. मग तिनं माझ्याकडं बघितलं, तव्यावरची भाकरी उलटवायची विसरून. त्यानंतर आठ दिवस मी जे जे विचारलं त्याची तिनं नीट उत्तरं दिली, आणि ती नीट देते म्हणून माझा संशय वाढला. जेवण कुठं झालं? शाळेत. डबा कुणी कुणी खाल्ला? सगळ्यांनी. तो काय आणतो डब्यात? त्याची बायको, राजेश्वरी, शेंगदाण्याची चटणी फार छान करते, हे मला माझ्या बायकोकडून कळलं, आणि त्या चटणीचाही मला राग आला. मग एका रविवारी मी बाजारातून आलो तर ती कागद मांडीवर घेऊन बसलेली. माझ्या पिशवीतून काढले होते. नर्स होती, तिला झाडाची आकृती समजावून सांगायची गरज नव्हती.

"एवढ्या नंबरांत दोनच नंबरांना पेन्सिलीच्या टिकल्या दिल्यात तुम्ही," ती म्हणाली. "एक तुम्ही. दुसरी मी?"

मी मान हलवली.

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिला हायसं वाटलं. माझ्यासाठी. "म्हंजे तुमचा मला लागलाच न्हाई," ती म्हणाली. "बघा, पाच वर्षं उगंच जीव जाळलात. मी म्हणत होते का न्हाई?" तिनं हात पुढं केला, माझ्या गुडघ्यावर ठेवायला असेल, आणि मी म्हणालो, "मग कुणाचा?"

हात तिथंच राहिला. मग तिनं तो मागं घेतला आणि कागद एकावर एक नीट लावले. "मला कामात चारदा सुई टोचलीया," ती म्हणाली. मी म्हणालो, तसं मोठेपणी टोचलेलं शंभरातल्या पाचांच्याच अंगात टिकतं, बाकीच्यांचं निघून जातं. तान्हेपणी नाहीतर लहानपणी शिरलेलाच मुक्काम ठोकतो. बोलताना माझ्याच कानांवर पडत होतं की मी तिचीच बाजू मांडतोय. लहानपणी शिरलेला टिकतो, म्हणजे हिच्यातला लहानपणीचाच, म्हणजे मी कुठंच नाही, वीरधवलही कुठंच नाही. इतकं सरळ. पण माझा आवाज तंटा केल्यासारखाच चढत होता.

"मग लहानपणीचाच असंल," ती म्हणाली.

"कुणाकडून?"

"ते मला काय ठावं. तुम्हाला नाव घ्यायचंय, घेऊन टाका. का मीच घेऊ?" मी बाजाराची पिशवी रिकामी करायला घेतली. "वीरधवल ड्रायव्हर. व्हय का न्हाई?" खाली गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मग प्रिया उठली आणि तिनं भाजी निवडायला घेतली.

चौथ्या दिवशी रक्तपेढीच्या दारात वीरधवल उभा. खाकी पँट, पायात फौजेतले बूट, दार भरून टाकणारा माणूस. "कपिल्या, हायस का रं?" लहानपणासारखं मला कपिल्या म्हणणारा सांगलीत हा एकटाच. इथं मला सगळे साहेबांखालचा साहेब समजतात. "सिस्टर म्हनल्या, आमच्या ह्यास्नी तुमचं रगात पायजे. म्या म्हनलं, घेऊ द्या की. फौजेनं घेतलं, गाववाल्यानं घेतलं तर काय बिघडलं." तिनं पाठवला होता. मी चोरून काय करणार होतो, कुठल्या सबबीनं त्याच्या दंडाला हात लावणार होतो, याचे बेत मी आठ रात्री केले होते, आणि तिनं तो माणूस सरळ अस्तनी गुंडाळायला लावून माझ्यापुढं उभा केला होता.

"बाटली नको," मी म्हणालो. "पाच मिली बस."

"एवढंच? मग तासगावास्नं कशाला बोलिवलंस, गड्या. डासानं सुदिक आणून दिलं असतं."

"अभ्यासाला पाहिजे."

"माजं डोस्कं अभ्यासात कवा बसलं न्हाई, आता रगात बसतंय व्हय." तो खुर्चीत बसला आणि हात पुढं केला. दंडाला रबर बांधलं. शीर अशी वर आली की आंधळ्यालाही सापडावी. मी सुई टेकवली तशी त्यानं मान दुसरीकडं फिरवली आणि डोळे मिटले. चौदा वर्षं सरहद्दीवर काढलेला माणूस, आणि ओठ लहान पोरासारखे दाबून धरलेले. मला त्या क्षणी त्याचं काहीतरी करावंसं वाटलं. काय ते सांगता येत नाही. रक्त काळसर, जाड, निवांत नळीत चढत होतं. ह्याच्यात आहे, मी मनात म्हणत होतो, ह्याच्यात आहे. बोळा दाबून धरत तो उठला. "सिस्टरला जपत जा बरं का," तो म्हणाला. "अवघडल्याली बाई. रस्त्याला खड्डे लय. मी आपली जीप दमानं घेतो." आणि बूट वाजवत गेला. दमानं घेतो. माझ्या बायकोच्या पोटातल्या लेकराला धक्का लागू नये म्हणून तो गिअर कसा टाकायचा हे ठरवत होता, आणि मला त्या जीपच्या चाकाइतकीही किंमत नव्हती. ती आठवड्यापूर्वी मला म्हणाली होती की रस्ता फार खराब झालाय. मी म्हणालो होतो, मग पुढं बसत जाऊ नकोस.

त्याचं घर पिवळं झालं. गडद, हळकुंड उगाळल्यासारखं. मी हसलो. मागच्या खोलीत एकटा उभा राहून मोठ्यानं हसलो, हे मी लपवणार नाही. एका माणसाच्या यकृतात आयुष्यभराचा पाहुणा सापडलाय आणि मला पोरगं झाल्यासारखा आनंद. अशा वेळी काय करायचं असतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्या माणसाला बोलवायचं, समजावून सांगायचं, त्याची बायकापोरं तपासायची, ज्यांना लागलेला नाही त्यांना लस द्यायला सांगायचं. शेकडो लोकांना मी ते सांगितलेलं आहे, पाठ आहे मला. त्याला सांगितलं नाही. कुपीवर एकशे सतरा नंबर घातला, पुण्याच्या खोक्यात ठेवला. 'ए' का 'डी' ते कळायला सहा महिने. संध्याकाळी घरी गेलो आणि चपला काढायच्या आधी म्हणालो, "पॉझिटिव्ह आलाय तो."

"त्यांना सांगितलंत?" प्रिया म्हणाली.

मी म्हणालो, "आधी टाइप येऊ दे."

दोन महिने तिनं हा विषय काढला नाही. सातवा लागला तशी ती माहेरी निघाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, त्यात कुणाला वेगळं वाटण्यासारखं नव्हतं. तिची आई, बायडाबाई, मेढ्याच्या वरल्या अंगाला डोंगरात एकटी राहायची. सांगलीच्या स्टँडवर सातारा गाडी लागली, मी तिची पिशवी खिडकीतून आत सरकवली, आणि ती पहिल्यांदा त्यावर बोलली. "नीट ऐका. पुण्याच्या पत्रात काय यायचं ते येऊ द्या. मला त्याचं काही सांगू नका. बाळाला जन्मल्या जन्मल्या लसीचा पहिला डोस द्यायचा, तो मी बर्फाच्या थर्मासात घेऊन चाललेय, तिकडच्या डॉक्टरांच्या फ्रीजात ठेवीन. दुसरा महिन्यानं. तो तुम्ही आणायचा. तारखेला. एवढं एक करा, मग आपण बोलू." गाडी सुरू झाली. ती खिडकीतून वाकली. "आणि एक सांगते. तुमच्या पुस्तकात आधी आई लिहिलीया. आईकडनं लेकीला. माझ्या आईचं रक्त मागितलं असतंत तर ह्याच गाडीनं तुम्हाला घेऊन गेले असते. तुम्हाला ते सुचलं न्हाई. तुम्ही सरळ गडी धरलात."

सुचलं होतं. हीच तर गोष्ट आहे. पहिल्याच दिवशी सुचलं होतं, चहा पिताना. बायडाबाईचं रक्त 'ए' निघालं असतं तर प्रिया सुटली असती, आणि मग मी कुठं गेलो असतो? मला पुरावा नको होता, मला माणूस हवा होता, ज्याच्याकडं बोट करता येईल असा, बूट वाजवणारा. बायडाबाईवर कोण जळणार.

सप्टेंबरात मुलगी झाली. शेजारच्या दुकानात फोन आला, पहिला डोस झाला, दोघी बऱ्या आहेत. मी जायला निघालो होतो. पिशवी भरली होती. पण पुण्याहून पत्र यायची वेळ झाली होती, आज येईल, उद्या येईल, पत्र घेऊनच जाऊ, म्हणजे जे काय ते एकदाच होईल. पोरीचं तोंड बघायला बाप आतुर असतो म्हणतात. मी पोस्टमनचं तोंड बघायला आतुर होतो. आकृतीतल्या त्या वरच्या फांदीवर, बेचाळीसच्या शेजारी, मी मनानं एकशे सतरा लिहून टाकलेलं होतं. रात्री डोळे मिटले की त्या दोन अंकी आणि तीन अंकी संख्या एका काडीवर खेटून बसलेल्या दिसायच्या, आणि खालच्या गर्दीत मी. एक पोस्टकार्ड आलं, तिच्या अक्षरात: 'दुसरा डोस ९ ऑक्टोबर, गुरुवार. आणावा.' खाली सही नाही. मी डोस आणून रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये ठेवला. आठ तारीख गेली. नऊ गेली. एक-दोन दिवसांनी लसीला काही होत नाही, हे मला माहीत होतं. शास्त्र माझ्या बाजूला होतं. दहालाही पत्र आलं नाही. अकराला आलं.

एकशे सतरा 'डी' होता. पहिल्यांदा मी वरची फांदी शोधली, तिथं नव्हता. मग खालच्या जुडग्यात बोट फिरवत गेलो, आणि बोट माझ्याच नंबरावर जाऊन थांबलं. एक्केचाळीस आणि एकशे सतरा एकाच काडीवर. बाकी सगळ्यांपासून फुटून निघालेली एक बारीक काडी आणि तिच्या टोकाला आम्ही दोघं. तपासलेल्या सहाशे एक्क्याऐंशी अक्षरांत फरक एका अक्षराचा. पुण्याला तो अभ्यास करणाऱ्या बाईंनी समासात कुतूहलानं लिहिलं होतं: हे दोघं सख्खे भाऊ किंवा बापलेक आहेत का? कळवावे. भाऊ. ज्यांच्या विहिरीच्या काठावर माझी आई घागर घेऊन तासन्‌तास कुणी वाढील का म्हणून उभी राहायची, त्या घरातला भाऊ. आणि तेव्हा ती सकाळ आठवली. तोवर कधी आठवली नव्हती, आठवायचं कारण नव्हतं. मी दुसरीत असेन. औंधाच्या यमाईच्या यात्रेआधी पटकीची लस टोचायला कंपाउंडर यायचा. आम्ही यात्रेला जात नव्हतो, आम्ही बुद्धाचे झालो होतो, पण सुई सगळ्यांना. शाळेपुढं रांग. पुढं पाटलांची, मग गावची, शेवटी आमची सहा पोरं. काचेची एकच पिचकारी, एकच सुई, मध्ये नुसता स्पिरिटचा बोळा. वीरधवल भ्यायला होता. रडत रडत मागं सरकत सरकत गावच्या पोरांच्या अगदी शेवटी आला होता, आणि त्याच्या मागं आमच्यातला पहिला, मी. तिथं दोघांमध्ये एक हात जागा सोडायला मास्तरनं लावलं होतं. एक हात. आणि त्या एक हातावरून सुई आली. आमची सहा पोरं टोचून झाल्यावर कंपाउंडरनं ती उकळत्या पाण्यात टाकली. आमच्याआधी उकळायचं त्याला सुचलं नाही. आमच्यानंतर सुचलं. विटाळ कुठल्या दिशेनं वाहतो याबद्दल गावाच्या मनात कधी शंका नव्हती. हेच झालं असं काही कागद म्हणत नाही. दिशा झाड सांगत नाही, आणखी कुणाकडून दोघांना आलाही असेल. पण मी शपथेवर सांगतो, तीस वर्षं जो माझ्या यकृतात बसून माझं खातोय तो त्यांच्या वाड्यावरून आलेला आहे. आणि मी ज्याला बायकोचा चोर म्हणून सहा महिने शिव्या घातल्या, तो माझ्या अंगातल्या पाहुण्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक. रागानं माझे दात वाजत होते. पण रागाच्या खाली, लाज वाटावी अशी, एक गार झुळूक होती. 'ए' नव्हे. तो नव्हे. ती सुटली. मी सुटलो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघालो. थर्मासात बर्फ, बर्फात डोस, खिशात पत्र. कऱ्हाड गेलं, सातारा गेलं, मेढ्याची गाडी धरली, आणि सगळ्या वाटेनं मी एकच वाक्य घोळवत होतो. आधी काही बोलायचं नाही. आधी पोरीला उचलायचं. मग म्हणायचं, प्रिया, चूक झाली. पत्र दाखवायचंही नाही, तिनं नको म्हटलंय. नुसतं म्हणायचं, चूक झाली. मेढ्यापासून वर दोन मैल चालत गेलो. घाटातल्या हवेनं घाम निवला होता, भाताची खाचरं पिवळी पडायला लागली होती, आणि मला त्या पिवळ्याचं काही वाटलं नाही. बायडाबाई दारात भाताचं तूस पाखडत होत्या. "या, पावनं," त्या म्हणाल्या आणि सूप बाजूला ठेवलं. आत प्रिया भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर पोर. मला फक्त काळं जावळ दिसलं.

"डोस आणलाय," मी म्हणालो.

"झाला. गुरुवारीच."

"झाला?"

"टोचला मीच. आणला वीरधवलभाऊंनी." ती पोरीकडंच बघत होती. "तुम्ही न्हाई सांगितलं म्हणून जायच्या आधी मीच सांगितलं त्यांना, रक्तात काय निघालं ते. त्यांच्या दोन्ही पोरांना डोस चालू हायत. राजेश्वरीवैनींनाही. पोरांचे डोस आणायला साताऱ्याला आले होते, तिथनं इथल्या डॉक्टरांच्या फोनवर मला म्हणाले, सिस्टर, तुमची तारीख नऊ ना, कपिल पोचला का? मी म्हटलं, न्हाई. तर एक जादा घेऊन तसेच वर आले."

छातीशी पत्र होतं. ओठांवर वाक्य होतं, सकाळपासून घोटून तयार. मी ते म्हणायला तोंड उघडलं.

"किती वेळ बसला होता?"

माझाच आवाज. मला वाटलं दुसरं कुणी बोललं. प्रियानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं, चिडून नव्हे, प्लेटमधल्या खळग्यात रंग येतो का म्हणून मी बघतो तसं. आला.

"एक कप चहा होईस्तोवर," ती म्हणाली. मग तिनं पोरीला मांडीवरून खांद्यावर घेतलं. त्या वेळी मी हात पुढं केले असते तर तिनं पोर दिलं असतं, अजून मला तसं वाटतं. मी पुढं केले नाहीत. एका हातात थर्मास होता, दुसऱ्यानं खिसा चाचपत होतो. ती उठून आतल्या खोलीत गेली.

बायडाबाईंनी चुलीत काटकी सारली. "बसा, चा टाकते," त्या म्हणाल्या. "मेढ्यास्नं पाचाची गाडी हाय. दमानं उतरला तरी गावंल तुमास्नी."